बेडकाला दुबार पेरणी नसते

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय पत्रिकेवर ‘हवामानबदल आणि आपले वन्यजीव’ असा छापला आहे. एवढा मोठा विषय तासाभरात मावणारा नाही, म्हणून मी त्यातला एकच धागा धरणार आहे. वाघ-बिबट्यांबद्दल आज काही बोलणार नाही, त्यांच्याबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. मी बोलणार आहे ते मृगाचा किडा, बेडूक, ओढ्यातले मासे आणि कोकणच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणारी कासवं यांच्याबद्दल.

सुरुवात एका साध्या प्रश्नापासून करू. केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये भारतातल्या हवामानबदलाचा सविस्तर आढावा प्रसिद्ध केला. त्यानुसार १९०१ ते २०१८ या काळात देशाचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढलं. आता कुणीही विचारेल, की पाऊण अंशही पुरता नाही, तेवढ्याने असं काय बिघडतं? देशावर एप्रिलमधल्या एकाच दिवसात पहाट आणि दुपार यांत पंधरा-पंधरा अंशांचा फरक पडतो. तो फरक प्राणी रोज सोसतातच की!

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर असं, की कुठलाही जीव सरासरी तापमानावर जगत नाही. तो वेळेवर जगतो. कधी बाहेर पडायचं, कधी अंडी घालायची, पिल्लं कधी अन्न शोधायला निघतील, हे सगळं त्याने हजारो वर्षांत ऋतूंशी जुळवून घेतलेलं असतं. सरासरी पाऊण अंशाने सरकते तेव्हा तिच्या पोटात दडलेलं ऋतूंचं वेळापत्रक किती विस्कटतं, ते त्या एका आकड्यात दिसत नाही.

शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पहिला पाऊस पडला, वाफसा आला, पेरणी केली आणि नंतर पंधरा दिवस आभाळ कोरडं राहिलं, तर काय होतं हे त्याला ठाऊक असतं. बियाणं जातं, दुबार पेरणी करावी लागते. दुबार पेरणी म्हणजे पुन्हा बियाणं, पुन्हा उसनवारी, पुन्हा मजुरी. तरीही ती करता येते. आज ज्या जिवांबद्दल बोलायचंय, त्यांच्यातल्या अनेकांना तीही सोय नाही. त्यांच्याकडे त्या हंगामापुरतं बियाणं एकदाच असतं.

दोन घड्याळं

प्राण्यांकडे वेळ ओळखायची ढोबळमानाने दोन घड्याळं असतात. एक सूर्याचं. दिवस मोठा होतोय की लहान होतोय, यावरून ऋतू ओळखायचा. हे घड्याळ चुकत नाही, कारण ते पृथ्वीच्या फिरण्यावर चालतं. दुसरं घड्याळ हवेचं: उष्मा, ओल, पाऊस. काही जीव पहिल्यावर चालतात, काही दुसऱ्यावर, बरेच जण दोन्ही बघतात.

दोन्ही घड्याळं एकमेकांशी जुळलेली असली तर कुणाचंच अडत नाही. अडतं केव्हा, तर खाणारा एका घड्याळावर आणि खाद्य दुसऱ्या घड्याळावर चालत असेल तेव्हा. याचं फार नीट अभ्यासलेलं उदाहरण युरोपातलं आहे, म्हणून क्षणभर तिकडे जाऊन येऊ. पाइड फ्लायकॅचर नावाचा एक छोटा माशीमार पक्षी हिवाळा पश्चिम आफ्रिकेत काढतो आणि वसंतात नेदरलँड्समधल्या जंगलांत पिल्लं वाढवायला येतो. निघायची वेळ तो मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून ठरवतो. पिल्लांचं खाद्य म्हणजे ओकच्या झाडांवरच्या अळ्या, आणि त्या निघतात उष्म्यावर. वसंत लवकर तापू लागला तशा अळ्या लवकर निघू लागल्या. पक्षी मात्र जवळपास जुन्याच वेळेला पोचत राहिला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की जिथे अळ्यांचा हंगाम सर्वात लवकर उरकत होता, तिथे या पक्ष्यांची संख्या दोन दशकांत सुमारे ९० टक्क्यांनी घटली होती. त्या पक्ष्याला उन्हाने मारलं नाही, थंडीने मारलं नाही. जेवणाची पंगत उठून गेल्यावर तो पोचू लागला, एवढंच झालं.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडे वसंत तापण्याला तेवढं महत्त्व नाही. आपलं हवेचं घड्याळ म्हणजे पाऊस, त्यातही पहिला पाऊस.

मृगाच्या रात्री काय काय निघतं

मृग नक्षत्र साधारण ७-८ जूनला लागतं. कोकणात आणि घाटमाथ्यावर पहिला दमदार पाऊस झाला, की एक-दोन दिवसांत जमिनीतून जे बाहेर पडतं, ते इथल्या बहुतेकांनी लहानपणी पाहिलेलं आहे. मखमली लाल मृगाचा किडा दिसतो. त्याला आपण किडा म्हणतो, पण पाय मोजाल तर आठ भरतील. तो कोळ्यांच्या कुळातला जीव आहे. वर्षातला बराचसा काळ तो जमिनीत असतो आणि ओल मिळाली की थोडे दिवस वर येतो. त्याच पावसावर वाळवीचे पंखवाले जीव वारुळांतून उडतात आणि संध्याकाळी दिव्यांभोवती ढीग पडतो. ते खायला पाली, बेडूक, पक्षी, वटवाघळं सगळे हजर होतात. डबक्यांत बेडकांचं डरावणं सुरू होतं. मोठ्या डराव बेडकाचा नर चक्क पिवळाधमक होतो, गळ्याच्या निळ्या पिशव्या फुगवतो. आणि नदी-खाडीच्या बाजूने मासे उलटे, वरच्या अंगाला निघतात.

हे सगळे जीव एकाच इशाऱ्यावर विसंबतात, आणि त्या इशाऱ्यात एक वचन असतं. पाऊस आला याचा अर्थ आता डबकी भरतील आणि काही आठवडे भरलेली राहतील. गवत उगवेल, किडे होतील, पिल्लांना खायला मिळेल.

तुम्ही म्हणाल, वळीव तर मेमध्येही पडतो, मग हे जीव तेव्हाच कसे फसत नाहीत? वळवाची सर दुपारनंतर येते, तासाभरात ओसरते, जमीन तापलेली असते, दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन पडतं. ओल खोल जात नाही. पावसाळी पावसाचं तसं नसतं. दोन-चार दिवस आभाळ भरलेलं राहतं, हवा दमट होते, रात्री गार पडतात, जमीन आतपर्यंत भिजते. हा फरक या जिवांना कळतो. पण मेमधला पाऊसच पावसाळ्यासारखा चार-आठ दिवस लागून राहिला, तर? तर त्यांना फरक ओळखायला काही साधनच उरत नाही.

वचन का मोडतंय?

गेल्या काही वर्षांतल्या दोन तारखा सांगतो. मुंबईत मान्सून पोचण्याची नेहमीची तारीख ११ जून. २०२३ मध्ये तो मुंबईत आला २५ जूनला, आणि गंमत म्हणजे त्याच दिवशी दिल्लीतही पोचला. असं आधी १९६१ मध्ये घडलं होतं. पुढे त्याच वर्षीचा ऑगस्ट हा देशपातळीवर १९०१ पासूनचा सर्वात कोरडा ऑगस्ट ठरला. दोनच वर्षांनी, २०२५ मध्ये, मान्सून मुंबईत आला २६ मे रोजी. इतका लवकर आल्याची नोंदच नव्हती. पण मेच्या अखेरीला त्याची वाटचाल थांबली आणि जूनच्या मध्यापर्यंत तो पुढे सरकला नाही. ‘पेरणीची घाई करू नका’ असं शेतकऱ्यांना सांगावं लागलं.

दोन वर्षांच्या अंतराने पावसाच्या आगमनात महिन्याचा फरक! शेतकऱ्याला निदान हवामान खात्याचा अंदाज मिळतो. बेडकाला मोबाइलवर संदेश येत नाही.

एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. एखादं वर्ष विचित्र गेलं म्हणजे तो हवामानबदलच, असं म्हणता येत नाही. मान्सून पूर्वीही लहरीच होता. दुष्काळ आणि अतिवृष्टी आपल्या आजोबांनीही पाहिल्या. बघायचं असतं ते असं, की विचित्र वर्षं पूर्वीपेक्षा जास्त वेळा येऊ लागली आहेत का, आणि तसं होण्याला भौतिक कारण आहे का. दोन्हींची उत्तरं ‘हो’ अशी आहेत.

कारण समजायला सोपं आहे. हवा एका अंशाने तापली, की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता साधारण सात टक्क्यांनी वाढते. म्हणजे हवेची झोळी मोठी झाली. मोठी झोळी भरायला वेळ लागतो, म्हणून दोन पावसांमधला खंड वाढतो. आणि रिकामी होते तेव्हा एकदम रिकामी होते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. हंगामाची बेरीज फारशी बदलली नाही तरी पाऊस येतो कसा, हे बदललं आहे. वर्षअखेर ‘सरासरीच्या ९८ टक्के पाऊस’ अशी बातमी वाचून आपण समाधान मानतो. डबक्यातल्या बेडूकमाशाला त्या बेरजेचा काही उपयोग नसतो. त्याला जूनच्या त्या ठरावीक तीन आठवड्यांत पाणी हवं असतं.

सड्यावरचं पाणी

आंबोलीचं उदाहरण घेऊ. सावंतवाडीहून घाट चढून वर आलं, की जांभ्या दगडाचे उघडे सडे लागतात. इथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. पण उन्हाळ्यात हे सडे तव्यासारखे तापतात आणि त्यांच्यावर माती जेमतेम असते. पहिल्या पावसात सड्यावरच्या उथळ खळग्यांत पाणी साचतं, आणि त्या वीतभर पाण्यात एक छोटा भेक अंडी घालतो. भेक म्हणजे बेडकाचा खरखरीत कातडीचा भाऊबंद. हा आंबोली भेक, इंग्रजी नाव आंबोली टोड. शास्त्राला त्याची स्वतंत्र जात म्हणून ओळख झाली २००९ मध्ये. साऱ्या जगात तो आंबोली आणि आसपासच्या सड्यांवर सापडतो, दुसरीकडे कुठेही नाही.

त्याचं गणित असं: खळग्यात मासे नसतात, म्हणून अंडी आणि बेडूकमासे खाणारं कुणी फारसं नसतं. पाणी उथळ आणि कोमट, म्हणून वाढ झटपट होते. किंमत एकच, खळगा आटायच्या आत पाय फुटून बाहेर पडलं पाहिजे. पाऊस नियमित असेल तर हे गणित उत्तम आहे. त्यावरच तो आजवर टिकला. पण पहिल्या पावसानंतर दहा दिवस कडक ऊन पडलं, की जांभ्याच्या खळग्यातलं पाणी सगळ्यात आधी जातं. अंडी घालून झालेली असतात, त्या मादीचं हंगामाचं बियाणं संपलेलं असतं.

सगळ्याच बेडकांना डबकं लागतं असं नाही, बरं का. सह्याद्रीत झुडपांवर राहणारे नखाएवढे-बोटभर बेडूक आहेत, त्यांच्यात बेडूकमासा ही पायरीच नसते. ओलसर पालापाचोळ्यात किंवा पानावर अंडी घालतात आणि अंड्यातून थेट छोटा बेडूक निघतो. वाटतं, यांची पाण्यापासून सुटका झाली. पण अंड्याला कवच नसतं. भोवतालची ओल गेली की अंडं सुकतं. म्हणजे ते डबक्यावर विसंबत नसले तरी पावसाच्या सातत्यावर विसंबतातच.

तिसरा प्रकार उलट संकटाचा. काही निशाबेडूक ओढ्यावर झुकलेल्या पानावर नाहीतर दगडावर अंडी चिकटवतात. बेडूकमासे तयार झाले की टपटप खाली ओढ्यात पडतात. इथे मादीला पाण्याची पातळी ताडावी लागते: अंडी पाण्याच्या फार वर नकोत, फार जवळही नकोत. आता २२-२३ जुलै २०२१ आठवा. महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, खाली चिपळूण बुडालं. मराठवाड्यातल्या काही तालुक्यांत अख्ख्या वर्षात जेवढा पाऊस पडतो, तेवढा तो एका दिवसाचा पाऊस होता. अशा लोंढ्यात ओढ्याकाठची पानंच काय, काठही जागेवर राहत नाही.

बेडकांच्या बाबतीत ही फक्त सह्याद्रीची गोष्ट नाही. २०२३ मध्ये जगभरातल्या उभयचर प्राण्यांचा मोठा आढावा प्रसिद्ध झाला. दर पाच जातींपैकी साधारण दोन जाती नामशेष होण्याच्या धोक्यात आहेत. २००४ नंतर ज्या जातींची स्थिती खालावली, त्यांतल्या ३९ टक्के जातींच्या बाबतीत मुख्य कारण हवामानबदल हे होतं. अधिवास नष्ट होण्याचं कारण ३७ टक्क्यांवर. म्हणजे जंगल तोडण्याइतकाच, किंबहुना कणभर जास्त, आता हवेचा वाटा आहे.

चढणीचे मासे

आता ओढ्याकडे या. रायगडात याला वलगण म्हणतात, दक्षिण कोकणात ‘चढणीचे मासे’. पहिल्या पुराचं गढूळ पाणी वाहू लागलं, की शिंगटी, मळ्या आणि गावागणिक वेगवेगळी नावं असलेले बरेच गोड्या पाण्यातले मासे प्रवाहाच्या उलट निघतात. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून पऱ्ह्यात आणि तिथून थेट भातखाचरात. पोटात गाबोळी भरलेली असते. खाचरातलं पाणी उथळ, संथ, किड्या-शेवाळाने भरलेलं. पिल्लांसाठी याहून चांगला पाळणा नाही. पावसाळा ओसरताना पिल्लं पाण्याबरोबर खाली नदीत उतरतात.

पहिल्या पावसानंतर मोठा खंड पडला तर काय होतं बघा. मासे चढलेले असतात, अंडी घातलेली असतात आणि खाचरातलं पाणी आटू लागतं. परतीच्या वाटेवर पऱ्ह्या कोरडा. पाऊस आलाच नाही तर मासा निदान नदीत थांबून तरी राहतो. खोट्या सुरुवातीने त्याला घराबाहेर काढून वाटेत सोडलं.

इथे आपलाही हात लागतो, हे मान्य करावं लागेल. चढणीचे मासे पकडणं हा कोकणातला जुना आनंद आहे, आणि तो मी कुणाचा हिरावून घ्यायला आलेलो नाही. पूर्वी पाग घेऊन चार माणसं जायची, पाण्यातून शेकड्यांनी मासे चढायचे, निसटणारे पुष्कळ असायचे. आता एखाद्या वर्षी मासे मुळात कमी चढणार, त्यांतल्या निम्म्यांची अंडी खंडात सुकणार, आणि जे चढतील त्यांच्या वाटेवर अरुंद मोरीपाशी बारीक आसाची जाळी लावलेली असणार. जुन्या सवयी जुन्या भरपूर काळात परवडत होत्या. समुद्रातल्या मासेमारीला आपण पावसाळ्यात बंदी घालतो, कारण तो प्रजननाचा काळ असतो. ओढ्यातल्या माशाचाही तोच काळ असतो.

वाळूतली ऊब

इथवर पावसाचं घड्याळ पाहिलं. आता एक उदाहरण थेट उष्णतेचं घेऊ, कारण तिथे ‘पाऊण अंशाने काय होतं’ या प्रश्नाला सरळ आकड्यांत उत्तर मिळतं.

वेळास, आंजर्ले अशा कोकणातल्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं येतात. थंडीत, मुख्यतः डिसेंबर ते मार्च, मादी रात्री वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते आणि निघून जाते. पुढचे पन्नासेक दिवस अंडी उबवायचं काम वाळू करते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ च्या सुमारास वेळासला घरटी राखायला सुरुवात केली. पुढे गावकरी, वनविभाग यांच्या हातांनी हे काम किनाराभर पसरलं. ज्या गावांत अंडी खाल्ली जायची, तिथे आता पिल्लं समुद्रात सोडताना बघायला लोक मुक्कामाला येतात.

या कासवांत नर की मादी हे अंडं घालताना ठरत नाही. उबवणीच्या मधल्या टप्प्यात वाळू किती उबदार आहे, त्यावर ठरतं. साधारण २९ ते ३० अंशांच्या आसपास दोन्ही निम्मी-निम्मी होतात. वाळू त्याहून थंड असेल तर नर वाढतात, गरम असेल तर माद्या. दोन-तीन अंशांच्या फरकात घरटं जवळजवळ पूर्ण नरांचं किंवा पूर्ण माद्यांचं होऊ शकतं. ३४-३५ अंशांपुढे फार काळ गेलं तर गर्भच तग धरत नाहीत. जिथे सगळा खेळ दोन-तीन अंशांत चालतो, तिथे पाऊण अंश ही मोठी रक्कम झाली.

हे कागदावरचं गणित नाही. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरच्या हिरव्या कासवांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. शास्त्रज्ञांनी समुद्रात कासवं तपासली आणि जनुकांवरून कुठलं कासव कुठल्या किनाऱ्यावर जन्मलं ते ओळखलं. उत्तरेच्या उष्ण किनाऱ्यांवर जन्मलेल्या तरुण कासवांत ९९ टक्क्यांहून जास्त माद्या निघाल्या. दक्षिणेच्या थंड किनाऱ्यांवरच्या कासवांत दोन-तृतीयांशांच्या आसपास.

आणि कासवाचा धोका बेडकापेक्षा फसवा असतो. बेडकांचा हंगाम बुडाला तर पुढच्या एक-दोन वर्षांत रात्रीच्या शांततेतून कळतं. कासव वयात यायला दहा-पंधरा वर्षं लागतात, आणि ते दशकानुदशकं जगतं. नर कमी जन्मू लागले तरी किनाऱ्यावर माद्या येतच राहतात, घरटी वाढतही राहतात, सगळं छान चाललंय असं वाटतं. हिशेब पुढच्या पिढीच्या वेळी समोर येतो.

त्यात अरबी समुद्राची भर आहे. हा समुद्र तापतोय, आणि २००१ ते २०१९ या काळात त्यातल्या चक्रीवादळांची संख्या आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढल्याचं पुण्याच्या त्याच संस्थेच्या अभ्यासात दिसलं. २०२० चं निसर्ग वादळ ३ जूनला अलिबागजवळ धडकलं, २०२१ चं तौक्ते मेच्या मध्यात कोकण किनाऱ्याला घासून गेलं. उशिरा घातलेल्या अंड्यांची पिल्लं मेपर्यंत निघत असतात. म्हणजे उशिराच्या घरट्याला आधी तापलेली वाळू आणि नंतर वादळाच्या लाटा, असं दोन्हीकडून गाठलं जातं.

मग आपल्या हातात काय?

कर्बवायू कमी केल्याशिवाय मूळ दुखणं बरं होणार नाही. ते काम देशांचं आणि सरकारांचं आहे, आणि नागरिक म्हणून त्याचा आग्रह धरायलाच हवा. पण तोवर हे जीव टिकावेत यासाठी गावाच्या, तालुक्याच्या पातळीवर करता येण्यासारखंही आहे.

वाईट वर्षं पूर्वीही यायची, आणि हे जीव त्यांतून तरायचे. कसे? तर एका सड्यावर पाणी आटलं तरी दुसऱ्यावर टिकायचं. एका ओढ्यातले मासे गेले तर शेजारच्या ओढ्यातून नवे यायचे. गाठीला काहीतरी असलं की माणूस एक दुष्काळ काढतो. लागोपाठ तीन आले आणि गाठीला काही नसलं, की गाव सोडावं लागतं. प्राण्याची गाठ म्हणजे त्याचा अधिवास. हवा आपण उद्या बदलू शकत नाही, पण गाठ सोडवून घेण्याचं काम आपणच करतोय, ते थांबवता येतं.

म्हणजे नेमकं काय? सडा ही पडीक जमीन नाही, हे आधी कागदोपत्री आणि मग मनात मान्य करणं. चिऱ्याच्या खाणीने एक सडा गेला, की वाईट वर्षासाठीचा एक आसरा गेला. पहिल्या पावसाच्या रात्री घाटरस्त्यावर गाडी सावकाश चालवणं, आणि सड्यावर गाडी न नेणं. ओढ्यावर मोरी किंवा बंधारा बांधताना मासा चढेल एवढी वाट ठेवणं. पहिल्या पुराचे निदान चार-आठ दिवस गाबोळीचा मासा सोडून देणं. हे गावाने ठरवलं तर होतं, कायद्याची वाट बघावी लागत नाही. कासवांच्या घरट्यांवर, विशेषतः उशिराच्या, सावलीची जाळी धरणं आणि वाळूचं तापमान रोज लिहून ठेवणं.

आणि शेवटचं, तारखा लिहा. पहिला मृगाचा किडा कधी दिसला, बेडूक कधी डरावले, मासे कधी चढले, त्यानंतर किती दिवसांचा खंड पडला. झाडांच्या फुला-फळांच्या अशा नोंदी ‘सीझनवॉच’ या उपक्रमात देशभरातले लोक, शाळांतली मुलं पाठवतात. हवामान खात्याकडे पावसाच्या नोंदी शंभरहून जास्त वर्षांच्या आहेत. बेडकाच्या नोंदी ठेवणारं खातं नाही. ते काम शाळेच्या एका वहीत होऊ शकतं.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

*आमच्याकडे काजवे फार कमी झालेत. तेही हवामानामुळेच का?*

एकट्या हवामानावर ढकलू नका. काजव्याची अळी बरेच महिने ओलसर जमिनीत राहते, गोगलगायी खाते. प्रौढ काजवा थोडेच आठवडे जगतो, पावसाच्या तोंडावर चमकतो. मेमध्येच जोराचा पाऊस लागून राहिला तर जोडी जमवायचे त्याचे दिवस कमी होतात, हे खरं. पण तुमच्याकडे त्याच झाडांखाली गाड्यांचे दिवे, टॉर्च, रात्री दोनपर्यंत गर्दी हेही वाढलं असेल. काजवा उजेडाच्या भाषेत बोलतो. आपण जास्त उजेड केला की त्याचं बोलणं जोडीदारापर्यंत पोचत नाही. पाऊस आपल्या हातात नाही, टॉर्च आहे.

*सगळ्यांचं नुकसानच होतं का? कुणाचा फायदा होत नाही?*

होतो ना. जो कुठेही राहतो, काहीही खातो, वर्षातून कितीही वेळा पिल्लं काढतो, त्याचं फारसं बिघडत नाही. कित्येकदा त्याची चंगळ होते. कावळे, उंदीर, डास यांच्यासाठी मला काळजी वाटत नाही. अडचण त्यांची आहे जे एकाच जागी, एकाच वेळेला, एकाच पद्धतीने जगायला शिकलेत. आणि ज्यांना आपण ‘आपले’ वन्यजीव म्हणतो, फक्त इथेच सापडणारे म्हणून ज्यांचा अभिमान बाळगतो, ते बहुतेक सगळे याच दुसऱ्या गटात मोडतात. आंबोलीचा भेक आंबोलीतून गेला, तर तो दुसरीकडे कुठून आणणार?